सहाव्या वळणावरचा काळा कोट

रविवार, २ नोव्हेंबर. हवल्ली, कुवेत

पोचले एकदाची. विमानतळावर अस्मिता, नीलेश आणि स्पृहा तिघंही आली होती. स्पृहाने हातात कागद धरला होता. त्यावर कॅमेऱ्याचं चित्र आणि खाली इंग्रजीत ‘आजी’. आठ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं छान चालतं. नीलेशने माझी बॅग उचलली आणि विचारलं, आई, यात आंबे आहेत की जांभा दगड? म्हटलं, नोव्हेंबरात आंबे कुठले, भिंगं आहेत. तर हळूच म्हणतो, दगडच बरे होते, कस्टमवाल्याला समजावायला सोपे.

घर चौथ्या मजल्यावर आहे. खाली बकाला, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. समोर मोबाइलची आणि शिंप्यांची दुकानं, बोर्ड अरबीत, बोलणं हिंदीत. तीन महिन्यांचा व्हिसा आहे. मला इथे आवडेल असं वाटतं.

हॉलमध्ये टीव्हीशेजारी मी ह्यांचा फोटो लावला आणि चंदनाचा हार घातला. अस्मिता थोडा वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, बाबांनी कधी कोट घातला होता का गं? नव्हता. श्रीवर्धनला चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, अख्ख्या तालुक्याचे फोटो काढले, आणि गेले तेव्हा स्वतःचा धड एक फोटो नाही. फोटोवाल्याच्या घरी असंच असतं. रेशनकार्डासाठी काढलेला एक पासपोर्ट साइज होता, तोही जरा हललेला. मग मीच जुनी पद्धत केली. ड्रॉवरमधल्या एका न नेलेल्या फोटोचं अंग घेतलं, वरचं डोकं कात्रीने कापलं, तिथे ह्यांचं चिकटवलं आणि रिटच करून फ्रेम केली. त्या फोटोतला कोट आमच्या स्टुडिओतलाच. खिळ्याला टांगलेला असायचा, सोबत इलॅस्टिकचा टाय. आखातात जाणारा प्रत्येक जण तोच घालून व्हिसाचा फोटो काढायचा. मागे पेन्सिलीने नाव होतं, पण इतक्या वर्षांत तो फोटो कोणी न्यायला आलं नव्हतं.

दोन वर्षं होतील पौषात. रडणं केव्हाच संपलं. आता दुःख मिठासारखं आहे. सगळ्यात असतं, वेगळं काढून दाखवता येत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नीलेश बँकेत संगणकाचं काम करतो. त्याच्या साहेबांना जुन्या मोटारींचा नाद आहे. त्यांचा क्लब आहे आणि अहमदीच्या पुढे वाळवंटात खासगी ट्रॅक आहे. थंडीत दर शुक्रवारी तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारी शर्यतीला उतरतात. त्यांचा फोटो काढणारा माणूस गावी गेलाय. नीलेश साहेबांना बोलून बसला की आमच्या सासूबाई चाळीस वर्षं फोटो काढतायत, धावत्या बैलाचासुद्धा स्वच्छ काढतात. साहेब हसले आणि म्हणाले, घेऊन ये.

अस्मिता चिडली, आईला या वयात उन्हात उभी करतोस म्हणून. मला मात्र रात्री झोप लागली नाही, ती आनंदाने.

शनिवार, ८ नोव्हेंबर

काल पहिली शर्यत. पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी साडेसहाला निघालो. अहमदीची झाडं मागे पडली की दोन्ही बाजूंना नुसती वाळू, मध्ये विजेचे खांब. क्लबात मला नारिंगी जॅकेट आणि गळ्यात घालायचं कार्ड दिलं. माझा सतरा नंबर. मोटारी ओळीने उभ्या होत्या, लहानशा, गोल, मिठाईच्या रंगाच्या. चालू झाल्या तेव्हा मात्र छातीत हादरा बसला.

ट्रॅकच्या कडेला झेंडेवाल्यांचा मुकादम अब्बास नावाचा आहे, साठीचा. माझी दोन वाक्यं ऐकली आणि विचारलं, वयनी, श्रीवर्धनच्या ना? तो म्हसळ्याचा निघाला. मोरेश्वर फोटोवाल्यांनीच, म्हणजे ह्यांनीच, त्याचा व्हिसाचा फोटो काढलेला, तोच काळा कोट घालून. म्हणाला, वयनी, त्या कोटाला खोबरेल आणि घामाचा असला वास होता की मी तोंड वाकडं केलं, आणि माझं तेच तोंड आज पंचवीस वर्षं सिव्हिल आयडीवर आहे. ह्यांची बातमी ऐकून त्याने टोपी काढली.

नियम त्याने नीट सांगितले. कठड्याला टेकायचं नाही. ट्रॅककडे पाठ करायची नाही. पिवळा झेंडा हलला की कॅमेरा खाली आणि टायरांच्या भिंतीमागे. कुठे उभी राहू विचारलं तर त्याने सगळी वळणं दाखवली, सहावं सोडून. ते का नाही, विचारलं. म्हणाला, तो कोपरा बरा नाय.

पण प्रकाश सहाव्या वळणावरच चांगला. सकाळचं ऊन बाजूने येतं, पलीकडे नुसती वाळू आणि लोखंडी कठडा, मध्ये काही येत नाही. मी तिथेच गेले.

धावत्या गाडीचा फोटो काढायला मला ह्यांनी शिकवलं, किनाऱ्यावरच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत. शटर साठावर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर, ठेवायचं. गाडी लांब असतानाच भिंगात धरायची, तिच्याबरोबर कमरेतून वळत जायचं, वळता वळता बटण दाबायचं आणि दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. मग गाडी स्वच्छ येते आणि मागचं सगळं रेघोट्या होऊन पुसलं जातं. हे म्हणायचे, जे आपल्याबरोबर चालतं तेच स्वच्छ येतं. जे थांबतं ते पुसलं जातं.

एका म्हाताऱ्याची ओळख झाली, अबू फहद. पंचाहत्तरीचे असतील. हिरवी मोटार, क्रमांक ४१. वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, म्हणून हिंदी अस्खलित. मला खजूर आणि कहवा दिला आणि सांगितलं, बहनजी, गाडी का फोटो निकालो, मेरे पेट का नहीं. त्यांना एक मोठा फोटो छापून द्यायचं कबूल केलंय.

सोमवार, १० नोव्हेंबर

आठशे फोटो. स्पृहाच्या टेबलावर बसून निवडते आहे. चांगले शंभर तरी निघतील. हात विसरलेला नाही.

एक मजेशीर गोष्ट. सहाव्या वळणावरचा क्रमांक ४१ चा एक फोटो. मोटार स्वच्छ, मागची वाळू आणि कठडा रेघोट्या. आणि कठड्यापलीकडे एक माणूस. लहानसा दिसतो, काळ्या कपड्यातला, आणि स्वच्छ. कठडा पुसलाय, कठड्याला लागून उभा असलेला माणूस पुसलेला नाही.

असं होत नाही. तो स्वच्छ यायचा तर ताशी सव्वाशेच्या वेगाने मोटारीबरोबर जायला हवा. पण पाय तर जमिनीवर टेकलेले.

नीलेशला दाखवलं. म्हणाला, कॅमेऱ्याने काहीतरी घोटाळा केला असेल. हे डिजिटलवाले कसलाही दोष कॅमेऱ्यावर ढकलतात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आत्ताच परत आले. आंघोळही केली नाही, आधी कार्ड संगणकात घातलं.

तो आहे. सात फोटोंत आहे. सातही सहाव्या वळणावरचे, सातही हिरव्या मोटारीचे. पहिल्यात कठड्यापलीकडे, चौथ्यात कठड्याच्या अलीकडे, सातव्यात ट्रॅकच्या डांबरावर. सगळ्यांत पाठमोरा किंवा मान वळवलेला. सगळ्यांत स्वच्छ.

मी तिथे होते. तीन तास नजर हलवली नाही. पलीकडे कोणीही नव्हतं. अब्बासला विचारलं, पलीकडे कोण उभं राहतं का. त्याने उलट मला विचारलं, वयनी, तुम्ही सहाव्यावर गेलात काय?

एक गोष्ट इथे लिहिते, कोणाला सांगायची नाही. त्या माणसाचा एक खांदा पडलेला आहे. चाळीस वर्षं कॅमेऱ्याची बॅग अडकवून ह्यांचा खांदा असाच पडला होता.

मला भीती वाटली नाही. उलटच. एक स्वच्छ फोटो मिळाला तर. एकच. त्याने मान वळवली तर.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अबू फहद गेले.

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही. सकाळी त्यांनी हाक मारली, त्यांचा छापलेला फोटो मी दिला. पोट दिसत नाही म्हणून खूश झाले, सगळ्यांना दाखवत फिरले. मी सरळ सहाव्या वळणावर गेले. अब्बास वाटेत आडवा आला आणि म्हणाला, नको. मी म्हटलं, भाऊ, माझं काम आहे. काम नव्हतं. मला तो माणूस हवा होता.

हिरवी मोटार पाच वेळा माझ्यासमोरून गेली. पाच फोटो काढले. सहाव्या फेरीला ती वळलीच नाही. चाकांचा आवाज नाही, ब्रेक नाही. सरळ टायरांच्या भिंतीत. पिवळा झेंडा हलत होता आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून तिच्याबरोबर वळत राहिले. दाबल्यावरही थांबायचं नाही, हे हाताला इतकं शिकवलेलं आहे.

आत्ता पाचही फोटो पाहिले. पहिल्यात तो मोटारीच्या मागे. दुसऱ्यात दाराशी. तिसऱ्यात त्याचा हात दारावर. चौथ्यात दोन्ही. पाचव्यात तो आत बसलेला आहे. शेजारच्या सीटवर. अबू फहद त्याच्याकडे बघतायत.

रविवार, २३ नोव्हेंबर

फोटो मोठा करून पाहिला. पडलेला खांदा डावा आहे. ह्यांचा उजवा होता. इतकी वर्षं त्या खांद्याला तेल चोळलं आणि मी डावं-उजवं विसरले? विसरले नाही. मला विसरायचं होतं.

अंगात काळा कोट. दुसऱ्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन.

ती पिन मी लावली आहे. २००१ साली बटण तुटलं, तसलं दुसरं मिळेना, म्हणून पिन लावली. ती तशीच राहिली.

आमच्या स्टुडिओतला कोट कुवेतच्या वाळवंटात कोणी घातलाय?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज अबू फहदांच्या घरी शोकाला गेलो होतो. बायकांच्या खोलीतून बाहेर आल्यावर अंगणात अब्बास भेटला. मी त्याला सरळ विचारलं, सहाव्या वळणावर काय झालं होतं. आधी म्हणाला, वयनी, घरी जाऊन चहा पिया. मग सांगितलं.

वीस वर्षांपूर्वी तिथे झेंडा धरायला त्याच्याच हाताखालचा एक जण होता. दिवेआगरकडचा, अशरफ. डावा खांदा जरा पडलेला, मोठा थट्टेखोर. ट्रॅककडे पाठ करून उभा राहिला आणि हसत हसत अब्बासला काही सांगू लागला. मोटार घसरत आली. तोंड राहिलं नाही. पेटी गावी पाठवली तेव्हा उघडू नका असं सांगून पाठवली. आई दारात बसून म्हणत होती की तोंड बघितल्याशिवाय मी कसं मानू. घरात एकही फोटो नव्हता. अब्बास म्हणाला, तुमच्या स्टुडिओत एक असणार होता, व्हिसाचा, पण तो काय सापडला नाय.

मी पहिल्या दिवशी इथे खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत खोटं. कोणी न्यायला आलं नव्हतं, असं लिहिलं. त्याची आई आली होती, दोनदा. पांढरी ओढणी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आमच्यासाठी सुकट. ह्यांनी दोन दिवस निगेटिव्ह शोधल्या. मिळाली नाही. पुढे ती वारली. हे गेल्यावर ड्रॉवर रिकामा करताना मला तो फोटो मिळाला. मागे ह्यांच्या अक्षरात ‘अशरफ, कुवेत’. मी नाव वाचलं. मला ती बाई आठवली. आणि मी म्हटलं, आता कोणाला हवाय. कोट नीट बसत होता.

डोकं कापलं ते कात्रणांबरोबर बंबात टाकलं.

त्याचं तोंड जगात तेवढंच उरलं होतं.

शनिवार, ६ डिसेंबर

दोन शुक्रवार गेले नाही. शर्यती बंदच आहेत. कॅमेरा कपाटात. अब्बासकडून अशरफच्या गावच्या मशिदीचा पत्ता घेतला, परत गेल्यावर जाईन, कोण नातेवाईक असतील त्यांच्या पाया पडेन. हे ठरवलं आणि दोन रात्री झोप लागली.

स्पृहाला नवी सायकल आणली. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये खांबांमधून फेऱ्या मारते. आज दुपारी हट्ट धरला, आजी, मला पण रेस कारसारखा फोटो, विथ लाइन्स. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, यू डिड इट फॉर ऑल दोज अंकल्स. रडवेली झाली. मला वाटलं, तो तिथला, त्या वळणाचा. इथे भरदुपारी, बकाल्याच्या मागे, काय असणार. चार फोटो काढले. पोरगी किती हसली.

अजून पाहिले नाहीत. उद्या पाहीन.

रविवार, ७ डिसेंबर

पाहिले.

पहिल्या तीन फोटोंत स्पृहा, मागे रेघोट्या. चौथ्यात लांबच्या खांबाशी काळा कोट.

तो वळणाचा नाही. तो माझ्या भिंगाचा आहे. मी ज्याच्याबरोबर वळते, त्याच्याबरोबर तो चालतो. अबू फहदांकडे त्याला मी नेलं. आणि आता —

फोटो पुसून टाकले. कार्ड मोडून कचऱ्यात टाकलं. पुन्हा फोटो काढायचा नाही. कशाचाही नाही.

बुधवार, १० डिसेंबर

काही उपयोग नाही. आज अस्मिताने मोबाइलवर स्पृहाचा सायकलवरचा व्हिडिओ काढला, मागे मागे चालत. मला दाखवत होती, हात सोडून चालवते बघ. मी तिला मध्येच थांबवायला लावलं. थांबवलेल्या चित्रात कॅरिअरमागे काळी बाही. पंजा कॅरिअरवर.

अस्मिताला दिसत नाही. सावली आहे म्हणते. मग मी सगळं सांगून टाकलं, कोट, अशरफ, अबू फहद. तिने ऐकून घेतलं. माझा हात धरला आणि म्हणाली, आई, बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली, तू कुणाशी धड बोललीच नाहीस, आपण डॉक्टरकडे जाऊ या का. नीलेशने आज सासूची थट्टा केली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

वाईट बातमी. एकोणीस तारखेला क्लब अबू फहदांच्या आठवणीसाठी फेरी काढणार आहे. सगळ्यांची मुलं उघड्या मोटारींत बसणार. नीलेशच्या साहेबांनी स्पृहाला आपल्या मोटारीत बसवायचं कबूल केलंय. सगळे मोबाइल तिच्यावर असणार. सहाव्या वळणावरून जाणार.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सायकलच्या चाकातली हवा काढली. हारिसने, म्हणजे खालच्या वॉचमनने, भरून दिली.

नीलेशला म्हटलं, पोरीला नको पाठवू, पाया पडते. आई, पाया काय पडता, म्हणाला. पण पाठवत नाही असं म्हणाला नाही. साहेबांना शब्द दिलाय.

अब्बासला फोन केला. त्याने मात्र विश्वास ठेवला. त्याने विचारलं, वयनी, त्याला तोंड आहे काय आता?

सोमवार, १५ डिसेंबर

अब्बासच्या त्या प्रश्नाने तीन दिवस डोकं पोखरलं. आज घरात कोणी नसताना ह्यांची फ्रेम उतरवली. मागचे खिळे काढले.

कोट आहे. टाय आहे. पिन आहे. वर गळ्यापासून पांढरा कागद. माझ्या कात्रीची गोल रेघ. डिंकाचे पिवळे डाग.

ह्यांचं तोंड तिथे नाही.

काचेतून मात्र अजून दिसत होतं. कसं दिसत होतं? आम्ही रोज कोणाला उदबत्ती —

मंगळवार, १६ डिसेंबर

शाळेने पालकांना स्पृहाचा धावतानाचा फोटो पाठवला. क्रीडादिन. कोणा मास्तरांनी वळत वळत काढलेला.

तो तिच्या खांद्याशी. पहिल्यांदा समोर तोंड.

ह्यांचं. पासपोर्टचं. ऊन डावीकडून, तोंडावर उजेड मात्र समोरून. आमच्या स्टुडिओतल्या दिव्यांचा. पापणी मिटत नाही असं. जरा हललेलं.

मला दोन वर्षं एवढंच हवं होतं. स्वच्छ चेहरा. आणि दिलंय काय मी त्याला — हललेलं, चोरलेलं, न बसणारं. तो वाईट नसेल. त्याला तोंड हवंय. धड. बरोबर चालणाऱ्या माणसाचं.

अबू फहदांचं त्याने घेऊन पाहिलं. मिळालं नाही. आता —

माझ्या पोरीचं नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर, दुपारी दोन

ठरलं. उद्या ती फेरी आहे, म्हणजे करायचं ते आजच.

तो भिंगाबरोबर चालतो. ज्याच्याबरोबर माझ्या कॅमेऱ्याचं भिंग शेवटचं वळलं, त्याचा तो, मग फोटो कोणीही काढो. म्हणजे भिंग माझ्याकडे वळवायचं. पण मी वळणार आणि माझ्याबरोबर कॅमेराही वळणार, हे कसं? दोन दिवस सुचेना. सकाळी भांडी घासताना सुचलं. मंगळागौरीची फुगडी. फुगडीत समोरच्या मैत्रिणीचं तोंड तेवढं स्वच्छ दिसतं, बाकी घर, भिंती, बायका, सगळ्या रेघोट्या. ती आपल्याबरोबर फिरते म्हणून.

कॅमेरा दोन्ही हातांनी समोर धरायचा, भिंग माझ्याकडे. मैत्रिणीचे हात धरावेत तसा. आणि फिरायचं. शटर साठावर. नवीन कार्ड घातलंय.

स्पृहा शाळेतून आली, जेवली. खाली सायकलवर आहे. हारिसला लक्ष ठेवायला सांगितलंय. अस्मिता साडेचारला येते.

अस्मिता, ही वही वाचलीस तर दिवेआगरचा पत्ता शेवटच्या पानावर आहे. फ्रेममधला फोटो तिथे नेऊन दे. मागे नाव आहे. बाबांसाठी हळहळू नकोस. पोरीला उद्या खुशाल पाठव.

तीन वाजता

गच्चीवर गेले. ऊन आहे. वाळत घातलेले कपडे. गुडघे दुखतात, तरी फिरले. फिरताना मोठ्याने म्हटलं, अशरफ, तुझ्या आईने सुकट आणली होती. मी ठेवून घेतली आणि फोटो दिला नाही. ये. हे घे.

चार काढले.

एक — मी. मागे रेघा.

दोन — मी. कपड्यांच्या दोरीशी तो.

तीन — माझ्या पाठीशी. ह्यांचं तोंड गळून पडलंय. खाली गच्चीवर, पासपोर्टएवढं. मी मागे वळून पाहिलं, तिथे काही नव्हतं. फोटोत आहे.

चार — नंतर पाहते. श्वास.

सव्वातीन

खिडकीतून पाहिलं. स्पृहा फेरी मारतेय. मोबाइल धरून तिचा व्हिडिओ काढला, तिच्याबरोबर वळत. थांबवून पाहिला. पाच वेळा. कॅरिअर रिकामं. खांब रिकामे. एकटी आहे पोरगी. हसतेय.

झालं. सुटली.

चौथा फोटो पाहिला. कोट स्वच्छ. पिन स्वच्छ. खांदा डावा. वर तोंड, धड, न हललेलं, चष्म्यासकट. माझं.

आणि कॅमेरा धरणारे हात, पातळाचा पदर, बांगडी — रेघोट्या.

आरशात पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. चष्म्याचा दोष नाही.

बोटं दिसतायत अजून, लिहिताना. लिहायची थांबले की — म्हणून लिहितेय. हात हलता ठेवायचा. दाबल्यावरही थांबायचं नाही. स्पृहाची घंटी वाजते खाली. ट्रिंग ट्रिंग. गच्चीच्या जिन्यावर कोणीतरी उतरतंय, माझ्याच चालीने, माझ्याच चपला —

अस्मिता, दार उघडशील तेव्हा मी असेन. मी म्हणेन, आलीस का गं. तिचा खांदा बघ. डावा —

हात दुखतो. जरा थांब

हे म्हणायचे जे थांबतं ते पुस